पाव टनाचा पाहुणा

छंदांना काही मोल नसते म्हणतात, पण त्यांना जागा मात्र लागते! कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी निवडुंग लावतो, कुणी जुनी नाणी घासूनपुसून ठेवतो. हे सारे कपाटात नाहीतर गच्चीवर मावून जाते. पण एखाद्या दिवशी घरधनी, चिरंजीव किंवा धाकटे भाऊजी जेवताना सहज म्हणतात, "एक जुनी मिलिटरीची जीप बघून आलोय," तेव्हा घरच्या बाईच्या हातातली वाढणी क्षणभर थांबतेच. कारण हा पाहुणा कपाटात मावणारा नसतो. तो अंगण अडवतो, रविवार खातो आणि महिन्याच्या हिशेबात हात घालतो.

आमच्याकडे असा पाहुणा आला त्याला बरीच वर्षे झाली. या काळात हाताला जे लागले, मिस्त्रींकडून जे कळले आणि पुस्तकांतून जे ताडून पाहता आले, ते वाचकभगिनींसाठी मांडते आहे. गाडी घ्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण घ्यायचीच झाली तर ती डोळे उघडे ठेवून घ्यावी, आणि घरच्या बाईला त्यातले चार शब्द कळावेत, एवढाच हेतू.

जीप नव्हे, ट्रक!

आपण जिला जीप म्हणतो तिचे लष्करी कागदावरचे नाव मोठे गमतीचे आहे. अमेरिकन सैन्याच्या दप्तरी ती 'ट्रक, पाव टन, चार बाय चार' अशी नोंदलेली होती. पाव टन म्हणजे त्यांच्या मापाने पाचशे पौंड, आपले सव्वादोनशे किलो. चार बाय चार म्हणजे चारी चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी. तेव्हा दिसायला चिमुकली असली तरी ही बाई जन्माने ट्रकच.

तिची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९४० साली युरोपात युद्ध पेटलेले असताना अमेरिकन सैन्याला हलकी, काटक, कुठेही जाईल अशी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. पण एवढ्या लहान कारखान्याला लाखांनी गाड्या काढणे झेपणारे नव्हते. म्हणून पुढे मुख्य काम टोलेडो गावच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीकडे गेले आणि तेही पुरेना म्हणून फोर्डला त्याच बरहुकूम गाड्या बनवायला सांगितल्या. १९४१ ते १९४५ या काळात दोघींनी मिळून सुमारे साडेसहा लाख गाड्या बाहेर काढल्या. विलिसच्या गाडीला 'एम.बी.' आणि फोर्डच्या गाडीला 'जी.पी.डब्ल्यू.' असे म्हणतात. फोर्डची हौस अशी की त्यांनी आपल्या गाडीच्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर उठवले होते. माहेरच्या भांड्यांवर नाव घालून द्यावे ना, अगदी तसेच!

या गाड्या आपल्या माणसांनीही पाहिल्या. इटलीच्या डोंगरांत मराठा पलटणी लढल्या, आसाम आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात हिंदी सैनिक लढले. तिथे जीपवर स्ट्रेचर बांधून जखमी माणसे मागे आणली जात. आसामातल्या लेडोहून निघालेला पहिला मोठा ताफा १९४५ च्या फेब्रुवारीत चीनमधल्या कुनमिंगला पोचला, त्या वाटेवरही जीपगाड्या होत्याच. युद्ध संपल्यावर इथे उरलेल्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. हा शब्द आपल्या आजे-सासऱ्यांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. डिस्पोजलची गाडी, डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची घोंगडी! पुढे स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि गाडी इथलीच झाली.

खरी कोणती, खोटी कोणती?

साडीच्या दुकानात आपण पदर उलटून बघतो, तसे इथेही बघावे लागते. बाजारात 'युद्धातली जीप' म्हणून दाखवली जाणारी गाडी पुष्कळदा नंतरची असते. त्यात वाईट काही नाही, पण पैसे मात्र त्या मानाने द्यावेत.

युद्धकाळातल्या गाडीचे बॉनेट सपाट आणि बुटके असते. १९५३ पासून निघालेल्या 'सी.जे. तीन-बी'चे बॉनेट उंच असते, कारण तिचे इंजिन उंच. आपल्याकडे वर्षानुवर्षे दिसलेली महिंद्राची जीप ती हीच. युद्धातल्या गाडीला समोर नऊ फटी असलेली पत्र्याची जाळी असते (अगदी सुरुवातीच्या विलिस गाड्यांना मात्र वेल्डिंग केलेल्या पट्ट्यांची जाळी होती). मागे उघडणारे फळकूट नसते. दिवे जाळीच्या आत बसवलेले असतात. आणि एक गंमत सांगते, हे दिवे खिट्टी सोडून मागे उलटवता येतात. रात्री बॉनेट उघडून काम करायचे तर दिव्याचा उजेड थेट इंजिनावर! ज्याने हे सुचवले असेल, त्याने अंधारात काम करणाऱ्याचे हाल नक्कीच पाहिलेले असणार.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली असते. म्हणजे पेट्रोल भरताना ड्रायव्हरने उठायचे, गादी उचलायची आणि मग भरायचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आधी कागद, मग पत्रा

आमच्या सासूबाई व्यवहाराला पक्क्या. गाडी बघायला जाण्याआधीच त्यांनी विचारले होते, "अरे, तिचे कागद आहेत का? का नुसतेच रूप बघून आलास?" या एका प्रश्नात निम्मे शहाणपण आहे.

नोंदणीचे पुस्तक कुणाच्या नावावर आहे, चासीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, लिलावात घेतली असेल तर त्या लिलावाची पावती आहे का, हे गाडीला हात लावण्याआधी बघावे. 'कागद नंतर करून देतो' म्हणणाऱ्याला 'मग पैसेही नंतर' एवढेच उत्तर द्यावे.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबराच्या पाटीवर 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुन्हा नोंदणीला पाच हजार. मात्र अशी गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर काढायची. धंद्याला तर मुळीच लावायची नाही. नियमात दुचाकी आणि प्रवासी गाड्या धरल्या आहेत, मालवाहू ट्रक नाहीत. म्हणून गाडीची पहिली नोंद कुठल्या प्रकारात झाली होती, हे आर.टी.ओ.त जाऊन आधी विचारलेले बरे. विकत घेतल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

आणखी दोन गोष्टी. युद्धातल्या या जीपचे स्टिअरिंग डावीकडे असते. अशा गाडीला इशारा देणारे साधन चालू स्थितीत असल्याशिवाय ती रस्त्यावर चालवता येत नाही. आणि रंग! केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला फौजी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, रंग देता येत नाही. मोठ्या हौसेने रंगवलेली गाडी त्यामुळे अडचणीत येऊ शकते. सिनेमात बघून तसाच रंग मागणाऱ्या चिरंजीवांना हे आधीच सांगून ठेवा. आमची गाडी राखाडी आहे आणि तिचे काही बिघडलेले नाही.

खर्चाची वही

गाडी घेतली त्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर 'काय केले', उजव्या पानावर 'किती लागले'. आमचा करार असा ठरला की घराचा विमा, मुलाची फी आणि पावसाळ्याआधीची कौले यांच्या पैशांना गाडीने हात लावायचा नाही. उरेल त्यात तिचे चालेल, नाही उरले तर ती ताडपत्रीखाली थांबेल. एका वर्षी ती खरोखरच सात महिने थांबली. सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन आले होते. ह्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे मात्र सांगायला हवे.

माझा अनुभव असा की गाडीच्या किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवता येत नसेल, तर व्यवहार पुढे ढकलावा. निम्मी उघडलेली गाडी ही सगळ्यांत महाग गाडी. ती चालत नाही, विकली जात नाही आणि तिचे सुटे भाग एकेक करून हरवत जातात.

भाग हरवू नयेत म्हणून मात्र आपले स्वयंपाकघर उपयोगी पडते. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा. नट-बोल्ट रिकाम्या बरण्यांत घालावेत आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवावी : 'पुढचे डावे चाक', 'रेडिएटर, वरचे बोल्ट'. मसाल्याच्या डब्यांना आपण चिठ्ठ्या लावतो, तशाच. आमचे मिस्त्री पहिल्यांदा हसले. म्हणाले, "वहिनी, हे काय लोणच्याचं दुकान मांडलंत?" पुढच्या महिन्यापासून तेच बरणी मागू लागले.

इंजिन : घाई नको

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून एकदम किल्ली मारणे म्हणजे आजाऱ्याला उठवून पळायला लावणे. आत गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जोर केला तर तुटतात.

या गाडीचे इंजिन चार सिलेंडरचे, सुमारे बावीसशे सी.सी.चे आणि साठ अश्वशक्तीचे. त्याला 'गो डेव्हिल' असे लाडके नाव आहे. रीत अशी : जुने तेल काढून नवे भरावे. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे तेल सोडावे आणि चार-आठ दिवस मुरू द्यावे. मग पुढून हँडल घालून हलक्या हाताने इंजिन फिरते का पाहावे. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती वळसा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठ्याचे हाड मोडते. आणि हँडल नेहमी खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही.

रेडिएटरचा प्रकार आपल्याला सांगायलाच नको. बोअरच्या पाण्याने पातेल्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते. तो रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्यावा आणि नंतर त्यात गाळलेले नव्हे, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घालावे.

पेट्रोलच्या टाकीत जुने पेट्रोल डिंकासारखे घट्ट होऊन बसलेले असते आणि खाली गंजाचा गाळ असतो. ही टाकी घरी साफ करायच्या फंदात पडू नये. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ पेट्रोलपेक्षा धोक्याची. तिला वेल्डिंगची ठिणगी लागली तर स्फोट होतो. टाकी बैठकीखाली असते हे मघाशी सांगितले ते याचसाठी. गळकी टाकी म्हणजे ड्रायव्हरच्या खालीच पेट्रोल.

आता एक आजच्या काळातली अडचण. आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे इंजिन साध्या, कमी प्रतीच्या पेट्रोलवर चालेल असे बनवलेले असल्याने पेट्रोलच्या ताकदीची चिंता नाही. पण इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या पॅकिंगला खाते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा बसवून घ्यावा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

ब्रेक : इथे काटकसर नाही

सगळ्या लेखातले एकच वाचणार असाल तर हे वाचा. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात, एक बिघडली तरी दुसरी धरते. या गाडीत वाट एकच. चार चाकांपैकी कुठेही एक नळी फुटली की पाय फळीला टेकतो आणि चारी चाके मोकळी सुटतात.

आमच्या मिस्त्रींनी इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक उघडले. ह्यांना इंजिनाचा आवाज ऐकायची घाई, मिस्त्री मात्र ऐकेनात. "साहेब, चालणारी गाडी थांबली नाही तर काय कराल?" नव्या नळ्या यायच्या होत्या, पण आधी जुन्या तपासू म्हणून त्यांनी उभ्या गाडीवर ब्रेक जोरात दाबला. पुढच्या उजव्या चाकाची नळी अंगणातच फाटली आणि तेलाची धार भिंतीवर उडाली. नळी वरून अगदी धडधाकट दिसत होती. तो डाग भिंतीवर अजून आहे. पुसायचा नाही असे सासूबाईंनीच ठरवले. म्हणाल्या, "राहू दे, डोळ्यांसमोर असलेला बरा."

तेव्हा रबरी नळ्या, लोखंडी नळ्या, मास्टर सिलेंडर, चाकांचे सिलेंडर यांत जे शंकास्पद ते बदलावेच. हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या दांड्यावर असतो. तो उभ्या गाडीसाठी. धावत्या गाडीत तो ओढू नये. आणि उतारावर हातब्रेकवर विसंबण्यापेक्षा चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा.

धुणे-भांडी करणारीने हे वाचावे

जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रममधली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवली की तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याचे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. म्हणून ड्रम उघडताना भुकटी फुंकू नये, झाडू नये. ओल्या फडक्याने टिपावी, ते फडके पिशवीत बांधून टाकावे, चांगला मास्क लावावा. कामाचे कपडे अंगणातच उतरवावेत, झटकू नयेत आणि घरच्या कपड्यांत मुळीच मिसळू नयेत.

दुसरे, जुना रंग. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. कोरड्या पॉलिश पेपरने घासले की त्याची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. घासायचे तर पाणी लावून घासावे, मुलांना आणि गरोदर बाईला त्या बाजूला फिरकू देऊ नये, खाली प्लास्टिक अंथरावे. तुळशीजवळ आणि वाळवणाच्या जागी तर हे काम नकोच.

ही दोन कामे 'आमच्याकडे सगळे असेच करतात' म्हणणाऱ्याच्या भरवशावर सोडू नयेत. छंद एकाचा आणि खोकला घरभर, असे होऊ नये.

पत्रा आणि गंज

लोखंडी तवा धुऊन तसाच ओला ठेवला तर सकाळी तांबूस होतो. गाडीचा पत्राही तसाच. उघडा केलेला पत्रा दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. म्हणून जेवढा भाग घासला तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लावायचा.

या गाडीची दुखरी जागा तळाशी असते. फळीच्या पत्र्याखाली आधाराला लांबट पन्हाळी आहेत आणि त्यांच्या आत लाकूड भरलेले असते. लाकूड पाणी पिते आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग झकास दिसत असला तरी खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघावे. टोक आत गेले तर समजावे की रंगाखाली पत्रा नाही, नुसती आठवण आहे. पाणी जाण्यासाठी तळाला ठेवलेले भोक चिखलाने बुजू देऊ नये.

विजेचेही सांगते. मूळ गाडी सहा व्होल्टची. व्होल्टेज निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, म्हणून तिच्या बॅटरीच्या तारा जाड लागतात. बारीक तार लावली की स्टार्टर सुस्तावतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो.

वर्षभराचा दिनक्रम

१९४४ साली अमेरिकन सैन्याने या गाडीची एक पुस्तिका काढली होती. तिचा क्रमांक टी.एम. ९-८०३. आजही तिच्या प्रती मिळतात. त्यात ड्रायव्हरची कामे चार वेळांना वाटून दिली आहेत : निघण्याआधी, चालवताना, थांब्यावर आणि परत आल्यावर. आपल्या घरकामाची घडीही अशीच असते ना? दिवेलागणीला कंदील पुसला की रात्री धावपळ होत नाही. सैनिकांना निगा शिकवायला त्या सैन्याने चित्रकथासुद्धा काढल्या, आणि त्यांत यंत्रांचे धडे देणारी होती कॉनी रॉड नावाची एक बाई! तेव्हा 'बायकांना गाडीतले काय कळते' असे कुणी म्हटले तर हे सांगा. शिवाय हेही सांगा की पुढे इंग्लंडची राणी झालेल्या एलिझाबेथने १९४५ साली सैन्याच्या महिला दलात ट्रक चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले होते.

आमच्याकडे चालणारा क्रम असा :

*दर आठवड्याला* : तेल, पाणी, ब्रेकचे तेल आणि टायरची हवा बघणे. गाडीखाली जुना कागद पसरून ठेवणे. डाग कुठे पडला त्यावरून गळती कळते.

*दर पंधरा दिवसांनी* : गाडी पुरती तापेपर्यंत, निदान वीस मिनिटे चालवणे. दोन मिनिटे सुरू करून बंद करू नये. आत दमटपणा साठतो आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

*दर महिन्याला* : ग्रीसच्या निपल पुसून ग्रीस भरणे, पाटे आणि त्यांचे बोल्ट बघणे. एअर क्लीनरच्या वाटीतले तेल काळे झाले असेल तर वाटी धुऊन नवे घालणे. धूळ त्या तेलात अडकते म्हणून इंजिन वाचते.

*पावसाळ्याआधी* : टपाचे कापड कोरडे करून घडी घालणे. ओले गुंडाळले तर बुरशी धरते आणि शिवणी सुटतात. त्याला कपड्यांचा साबण लावू नये, नुसता ब्रश आणि पाणी पुरे. गाडीजवळ धान्याचे पोते ठेवू नये. उंदीर आधी धान्याला येतात आणि मग तारा कुरतडतात.

*वर्षातून एकदा* : चारी ड्रम मिस्त्रीकडून उघडून घेणे, ब्रेकचे तेल बदलणे. आणि वहीचा हिशेब दोघांनी बसून वाचणे. हेही निगेतच धरावे!

चालवणारीसाठी चार शब्द

ही गाडी बाईमाणसाला चालवता येते, मी चालवते. मात्र तिच्या तऱ्हा समजून घ्याव्यात. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. धावत्या गाडीत तो कुरकुरतो. स्टार्टर पायाने दाबायचा असतो. चारी चाकांची ताकद चिखलात, वाळूत, चढणीवर घ्यावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून वळणे घेतली तर यंत्रावर ताण येतो. ताशी पन्नास-साठ किलोमीटर ही तिची सुखाची चाल. मागचा एस.टी.वाला हॉर्न वाजवेल, त्याला पुढे जाऊ द्यावे.

मूळ गाडीला दारे नाहीत, पट्टे नाहीत. वळणावर मागचे मूल बाहेर पडू शकते. म्हणून लहान मुलांना घेऊन मिरवायची हौस उभ्या गाडीत भागवावी. फोटो तसाच छान येतो.

शेवटी

एवढे करून काय मिळते, असे शेजारणी विचारतात. पैशाच्या भाषेत फारसे काही नाही. पण आमच्या मिस्त्रींचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. कार्बोरेटर उघडून कानाने जुळवणारी, लेथवर बुश काढून देणारी ही पिढी आहे आणि तिच्या मागे शिकणारी पोरे थोडी. आमचा मुलगा त्यांच्या हाताखाली चार सुट्ट्या राबला. आता घरातला मिक्सर बिघडला तर तो फेकायचे आधी उघडून बघतो. हे मला गाडीपेक्षा मोलाचे वाटते.

तरीही, मैत्रिणींनो, घरात वेळ नसेल, जागा नसेल, किंवा एकट्याच्या हौसेपायी बाकीच्यांचे मन मारले जात असेल, तर असा पाहुणा आणू नका. आलेला असेल आणि झेपत नसेल, तर ताडपत्रीखाली कुजत ठेवण्यापेक्षा त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती द्या. देताना गाडीबरोबर कागद द्या, बरण्या द्या आणि ती खर्चाची वहीही द्या. कुठली नळी कधी बदलली, हे पुढच्या घरातल्या बाईला कळले पाहिजे.